वंशाचा दिवा

मुलगा झाला म्हणजे वंशाला दिवा लागला, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. एखाद्या घराण्याचा जुना कुलवृत्तांत उघडावा, तर पानेच्या पाने पुरुषांच्या नावांनी भरलेली. मुलीच्या नावापाशी रेघ थांबते. या हिशेबाने अमेरिकेतील चार्ल्स इंगल्स या शेतकऱ्याचा दिवा केव्हाच मालवला. तरीही त्याच्या घरची कथा आज देशोदेशीची मुले वाचतात. ती सांगितली त्याच्या मुलीने. तिचे नाव लॉरा इंगल्स वाइल्डर.

तिच्या वडिलांकडील वंशवेल इंग्लंडातून निघते. लिंकनशायर परगण्यातील स्कर्बेक गावचा एडमंड इंगल्स हा मूळ पुरुष. तो समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्समध्ये आला व १६२९ साली लिन गावाच्या पहिल्या वसाहतकऱ्यांत सामील झाला. मार्था कॅरियर ही त्याची नात. १६९२ साली सेलेम गावी चेटकिणी शोधण्याचे वेड पसरले, त्यात हिच्यावर चेटकाचा आरोप आला. पोटच्या मुलांनाही तिच्याविरुद्ध बोलायला लावले. तिने आरोप शेवटपर्यंत नाकारला, आणि १९ ऑगस्ट रोजी ती फासावर गेली.

लॉराची पणजी मार्गारेट डिलानो ही रिचर्ड वॉरनच्या वंशातली. हा वॉरन १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आला होता. पणजोबा सॅम्युएल शेती करणारा, पण १८२५ साली त्याने स्वतःच्या पद्यांचे पुस्तक छापले. घरात लेखणी होती ती अशी जुनी.

आता आजोळ. आईची आई शार्लट टकर ही बॉस्टनकडची. लग्न होऊन ती विस्कॉन्सिनच्या रानात राहायला आली. १८४५ साली तिचा नवरा हेन्री क्वायनर मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेला. तेव्हा लॉराची आई कॅरोलिन अवघी पाच वर्षांची होती. शार्लटने हाय खाल्ली नाही. मुले वाढवली, पुढे १८४९ साली दुसरे लग्न केले. कॅरोलिन मोठी होऊन शाळा शिकवू लागली. शेजारच्या इंगल्स कुटुंबाशी क्वायनर मंडळींचे असे गूळपीठ जमले की, या घरची तीन व त्या घरची तीन अशा सहा भावंडांची लग्ने झाली. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात! त्यांतलेच एक जोडपे चार्ल्स व कॅरोलिन. त्यांचा विवाह १ फेब्रुवारी १८६० रोजी झाला.

लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ चा, विस्कॉन्सिनमधील पेपिन गावाजवळचा. वडिलांच्या पायाला भिंगरी होती. नवी जमीन दिसली की छपराच्या गाडीत संसार भरायचा आणि निघायचे. १८६९ साली ते कॅन्ससला गेले. पण ती भूमी ओसेज या मूळ रहिवाशांची होती. १८७० च्या शिरगणतीच्या कागदातही नमूद आहे की जमीन ओसेज लोकांची असून वसणाऱ्यांचा तिच्यावर हक्क नाही. तेथे सारे घर हिवतापाने आडवे झाले, तेव्हा उपचाराला धावून आले जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णी डॉक्टर. १८७१ साली कुटुंब परत फिरले.

मग मिनेसोटात टोळांनी उभा गहू फस्त केला. १८७५ साली झालेला एकुलता मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला. मेरी, लॉरा, कॅरी व ग्रेस या चार मुली उरल्या. १८७९ साली थोरल्या मेरीची आजारात दृष्टी गेली. तेव्हापासून जे जे दिसेल ते शब्दांनी मेरीपुढे उभे करणे हे लॉराचे काम झाले. पुढच्या लेखिकेची खरी शाळा हीच.

अखेर डकोटातील डी स्मेट गावी बिऱ्हाड थांबले. १८८०–८१ च्या हिवाळ्यात बर्फाने आगगाड्या बंद पडल्या. गवताच्या पेंढ्या पिळून जाळायच्या, कॉफीच्या जात्यात गहू भरडायचा, असे दिवस काढले. चार्ल्सचे मन आणखी पश्चिमेला ओढ घेत होते. मुलींचे शिक्षण व्हावे म्हणून कॅरोलिनने मुक्काम हलू दिला नाही. मेरी अंधशाळेत गेली व १८८९ साली शिक्षण पुरे करून आली. लॉरा सोळाव्या वर्षी शाळा शिकवून घराला हातभार लावू लागली.

१८८५ साली तिचे अल्मांझो वाइल्डरशी लग्न झाले. पतीचे आजारपण, तान्ह्या मुलाचा मृत्यू, घराला आग, सारे चार वर्षांत भोगले. १८९४ साली मिझूरी राज्यात मॅन्सफील्ड येथे त्यांनी शेत घेतले. आई १९२४ साली व मेरी १९२८ साली गेली. मग लॉराने आठवणी लिहायला घेतल्या. पहिले पुस्तक १९३२ साली निघाले, तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती! मुलगी रोझ ही नामांकित लेखिका. तिने हस्तलिखितांवर हात फिरवला. १९४३ पर्यंत आठ पुस्तके झाली. १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदी पुरी करून, लॉराने देह ठेवला.

त्या पुस्तकांत ओसेज लोकांना मात्र न्याय मिळालेला नाही. म्हणूनच तिच्या नावाने १९५४ साली सुरू झालेल्या बालसाहित्य पुरस्काराचे नाव २०१८ साली बदलण्यात आले. आपल्या घराची कथा सांगताना ज्यांच्या अंगणात ते घर उभे राहिले त्यांचेही सांगावे, हा धडाही तिच्याकडूनच घ्यावा.

मेरी अविवाहित राहिली. कॅरी व ग्रेस यांना मूल झाले नाही. रोझचे एकुलते मूल वाचले नाही. चार्ल्स आणि कॅरोलिन यांच्या रक्ताचा वारस आज कोणी नाही. तरी त्या घरातल्या आईचा धीर, आंधळ्या बहिणीची जिद्द, बापाचे फिडल, सारे अजून जिवंत आहे.

भगिनींनो, आपल्या आईच्या आईचे माहेरचे आडनाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? घरातल्या वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर त्यांना विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. पासष्टी उलटली तरी उशीर झालेला नसतो.