दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गोखल्यांवर टीका का झाली होती?

१४ नोव्हेंबर १९१२. प्रिटोरियात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान लुई बोथा आणि मंत्री यान स्मट्स यांना भेटले. दौऱ्यात कायम सोबत असलेले गांधीजी या बैठकीला मुद्दाम गेले नाहीत. बाहेर आल्यावर गोखल्यांनी त्यांना सांगितलं, की तीन पौंडांचा कर रद्द होणार.

हा कर काय होता? नाताळच्या मळ्यांवर नेलेले भारतीय मजूर करार संपल्यावरही तिथेच राहिले, तर त्यांना दरवर्षी माणशी तीन पौंड भरावे लागत. बायका आणि वयात आलेली मुलंही त्यातून सुटत नसत.

अडचण एवढीच, की आश्वासन तोंडी होतं.

१३ डिसेंबरला गोखले मुंबईत उतरले, तेव्हा कौतुकाबरोबर टीकाही वाट पाहत होती. भारतीयांच्या मुक्त प्रवेशाचा आग्रह सोडून त्यांनी फार पडतं घेतलं, असा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता. गोखल्यांनी दुसऱ्याच दिवशी टाऊन हॉलच्या जाहीर सभेत दौऱ्याचा हिशेब मांडला.

छापून आलेला शब्द किती महाग पडतो, हे 'सुधारक'मध्ये लिहिलेल्या या माणसाला चांगलं ठाऊक होतं. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले. प्लेगच्या काळात गोऱ्या सैनिकांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती त्यांना पत्रांतून मिळाली होती. ती त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला दिली. परतल्यावर मात्र कुणीही पुढे येऊन बोलायला तयार होईना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं न सांगता गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीवरून त्यांना पुढे कितीतरी टोमणे ऐकावे लागले.

१९१३ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. नाताळमधल्या गोऱ्यांच्या विरोधाचं कारण देत स्मट्स यांनी कर रद्द करायला नकार दिला. नंतर तर असं वचन दिलंच नव्हतं, असं सरकार म्हणू लागलं. गोखल्यांकडे याही वेळी कागद नव्हता. पण आता जे घडलं ते त्यांच्या समोर घडलं होतं. आश्वासन मिळालं होतं, असं त्यांनी गांधीजींना ठामपणे कळवलं आणि त्यावरच गांधीजींनी लढ्यात कराचा मुद्दा घेतला. हजारो मजूर संपावर गेले. मधुमेहानं खंगलेले गोखले भारतात त्यांच्यासाठी पैसे गोळा करत राहिले.

१९१४ च्या कायद्यानं कर गेला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखल्यांचं पुण्यात निधन झालं. गांधीजी भारतात परतून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते.