सीएसएमटी आणि बीएमसी समोरासमोर, पण दोन्हींचा आर्किटेक्ट मात्र एकच

सीएसएमटीसमोरच्या सेल्फी पॉइंटवर उभं राहिलं की एका बाजूला स्टेशन दिसतं आणि दुसऱ्या बाजूला मुंबई महापालिकेची इमारत. दोन्हींचं डिझाईन एकाच माणसाचं, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल, शंकाच आहे.

स्टीव्हन्स इंग्लंडमधल्या बाथ गावचे, जन्म 1847 चा. विशीत ते भारतात आले आणि सरकारी बांधकाम खात्यात लागले, पहिलं पोस्टिंग पुण्यात. पुढे मुंबईत त्यांनी खलाशांसाठी रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम उभारलं. आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे.

हे काम बघून जीआयपी रेल्वेने त्यांना नव्या टर्मिनसचं काम दिलं. त्यासाठी त्यांनी दहा महिन्यांची रजा काढून युरोपातली स्टेशनं पालथी घातली. 1878 ला सुरू झालेलं व्हिक्टोरिया टर्मिनस 1888 ला पूर्ण झालं. सहायक इंजिनिअर होते सीताराम खंडेराव वैद्य, आणि दगडावरचे मोर, माकडं, पानंफुलं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. म्हणजे एकट्या साहेबाचं काम म्हणून हे सांगणं चुकीचंच.

पण खरा डाव वेगळा होता. स्टेशन अर्धवट असतानाच, 1884 मध्ये, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं. पेन्शनची नोकरी सोडून एका शहराच्या भरवशावर राहायचं, कामं मिळाली नाहीत तर?

मिळाली. महापालिकेच्या इमारतीसाठी मद्रासकडचे नामवंत आर्किटेक्ट रॉबर्ट चिझम यांचा आराखडाही स्पर्धेत होता. शेवटी स्टीव्हन्स यांचा निवडला गेला, आणि 1893 मध्ये इमारत तयार झाली. मग आली चर्चगेटसमोरची बीबी अँड सीआय रेल्वेची कचेरी, म्हणजे आजचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय. वर बघा, हातात रेल्वे इंजिन धरलेली बाई दिसेल.

ती कचेरी 1899 मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी मलेरियाने स्टीव्हन्स गेले, तेही मुंबईतच. वय अवघं 52. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

ऑफिस मात्र बंद पडलं नाही. मुलगा चार्ल्सने ते चालवलं, आणि 1933 साली त्याने कुलाब्यात एक थिएटर बांधलं. बापासारखे कोरीव मोर नाहीत, घुमट नाही, सरळ आर्ट डेको. नाव, रिगल.