यूट्यूबचा काउंटर जिथे अडला, तो आकडा एका अंध गणितज्ञाने गाजवला होता

२०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' या गाण्यामुळे यूट्यूबला आपला काउंटर बदलावा लागला. कारण २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे व्ह्यूज मोजायची सोयच त्यात नव्हती.

पण या आकड्याची गोष्ट जुनी आहे. ती आहे लिओनार्ड ऑयलरची.

१७०७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात ऑयलरचा जन्म झाला. वडील पाद्री. पोराने पण पाद्री व्हावं ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नुली या बड्या गणितज्ञाने पोराची हुशारी हेरली आणि वडिलांची समजूत काढली. विशीतच ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला पोचला.

तिशीच्या आसपास त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. मधली २५ वर्षं बर्लिनमध्ये काढून १७६६ मध्ये तो रशियात परतला, तेव्हा डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये ऑपरेशन झालं, पण नजर काही टिकली नाही. त्याच वर्षी शहरात मोठी आग लागली आणि त्याचं घर जळालं. ऑयलर थोडक्यात वाचला.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. ऑयलरने मुलांना आणि सहाय्यकांना हाताशी धरलं. तो बोलायचा, ते लिहायचे. त्याच्या आयुष्यभराच्या लेखनापैकी जवळपास निम्मं याच काळातलं आहे.

आपला आकडाही याच काळात जाहीर झाला. २ हा आकडा ३१ वेळा घेऊन गुणाकार करा आणि उत्तरातून १ वजा करा, २,१४,७४,८३,६४७ मिळतो. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही, असं मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्येच सांगितलं होतं. पण पुरावा दिला नव्हता.

पुरावा द्यायचा तर ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा संख्या साडेचार हजारांहून जास्त. ऑयलरने दाखवलं की एवढी मेहनत नकोच. भाग जाणारच असेल तर तो फक्त अशाच संख्येने जाईल, जिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते. अशा संख्या उरतात ३७३, आणि त्यातल्याही मूळ तेवढ्याच तपासायच्या. एकानेही भाग गेला नाही. १७७२ मध्ये एका पत्रातून त्याने हे जगाला कळवलं.

१८ सप्टेंबर १७८३ ला ऑयलर गेला. त्या दिवशीही तो आकडेमोड आणि नव्या ग्रहाच्या कक्षेची चर्चा करत होता.

पुढे १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं, की अशा संख्यांचा उपयोग काहीच नाही, त्यामुळे याहून मोठी शोधायच्या भानगडीत कोणी पडणार नाही.

बार्लोचा अंदाज साफ चुकला. आज कोट्यवधी अंकी मूळ संख्या सापडल्या आहेत. आणि ऑयलरचा आकडा? कॉम्प्युटर ३२ बिटमध्ये संख्या ठेवतो तेव्हा एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो. उरलेल्या ३१ बिटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे हीच. १९ जानेवारी २०३८ ला जुन्या सिस्टीममधली घड्याळंही, वेळेत बदलली नाहीत तर, याच आकड्यावर गडबडणार आहेत.