शिंगाळा आणि कर्नल सायक्स



मी समुद्रकाठचा माणूस. अकोल्यात बदली झाली तेव्हा इथल्या मासळी बाजारात अगदी अडाणी ठरलो. बोंबील, पापलेट, सुरमई ओळखणारा मी. मरळ, वाम, शिंगाळा म्हटले की नुसताच बघत राही. शेवटी आपल्यातीलच एका कुटुंबाने दया येऊन मला पूर्णेवर गळ टाकायला नेले. दुपारभर बसल्यावर एक शिंगाळा लागला आणि तो गळावरून सोडवताना त्याच्या पंखाचा काटा माझ्या बोटात शिरला. लांब मिशा, अंगाला खवले नाहीत, बुळबुळीत कातडी. काकूंनी तो राखेने चोळून धुतला, मीठ-हळद लावून चिंचेच्या पाण्यात ठेवला (चिखलाचा वास जातो म्हणे), मग तीन दगडांच्या चुलीवर लसूण-मिरचीचा लालभडक रस्सा. ज्वारीच्या भाकरीबरोबर बोटाचे दुखणे विसरलो.

पुढे पुस्तक चाळताना दिसले की या माशाचे शास्त्रीय नाव स्पेराटा सिंघाला आहे. लॅटिन नावात आपला शिंगाळा कसा शिरला? शोध घेतला, तेव्हा कर्नल विल्यम हेन्री सायक्स भेटले.

सायक्स यांचा जन्म 25 जानेवारी 1790 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये झाला. 1804 साली, म्हणजे आपली मुले आठवी-नववीत असतात त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी झाले. 1805 मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते. 1810 मध्ये हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. ही मराठी पुढे फार उपयोगी पडणार होती. 1817 साली खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढणाऱ्यांत तेही होते. हे सांगायलाच हवे. पाहुणा म्हणून नव्हे, तर जिंकणाऱ्यांपैकी एक म्हणून ते आपल्या मुलखात वावरले.

ऑक्टोबर 1824 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी माहिती जमवण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, जमीन, पिके, महसूल यांची मोजदाद करायची होती. कंपनीला त्यात रस कशासाठी होता हे वेगळे सांगायला नको. पण सायक्स यांना मोजण्याचे वेडच होते. ते हवेचा दाब नोंदवीत, उकळत्या पाण्यात थर्मामीटर घालून पठाराची उंची काढीत. पक्षी, प्राणी, वनस्पती, काहीही सुटले नाही. आपला कोळसून, म्हणजे रानकुत्रा, त्यांनी 1831 मध्ये शास्त्रात नोंदवला. डोक्यावर तुरा असलेल्या एका चंडोलाला पक्षिनिरीक्षक आजही सायक्स यांच्याच नावाने ओळखतात. डिसेंबर 1829 मध्ये सरकारने ते पदच रद्द केले. दुसरा कोणी असता तर पलटणीत परतला असता. सायक्स यांनी जानेवारी 1831 पर्यंत स्वखुशीने काम पूर्ण केले आणि मग मायदेशी गेले.

वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे होते. सायक्स यांचे काम पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड भागातले. मासे त्यांनी प्रामुख्याने भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांतले पाहिले. पाण्याबाहेर काढलेल्या माशाचा रंग थोड्याच वेळात उतरतो, हे गळ टाकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून मासा ओळखायचा तर नदीकाठीच, ताजा असतानाच बघावा लागतो. सायक्स यांनी मापे घेऊन चित्रे काढवली. मात्र ज्या माशांवरून त्यांनी वर्णने लिहिली, त्यांपैकी एकही नमुना आज कोणत्याही संग्रहालयात असल्याची नोंद नाही. दिवसा ज्याचे माप घेतले तो रात्री रश्श्यात गेला असावा, असा माझा आपला मासेखाऊचा तर्क.

नमुने न उरल्याने घोटाळेही झाले. घोड नदीवर शिरूरजवळचा एक मोठा मासा त्यांनी 'मुसल्ला' या नावाने नोंदवला. तो महाशीर आहे की नाही यावर अभ्यासक कितीतरी वर्षे वाद घालत होते. आता त्याला महाशिरांत धरत नाहीत.

हे सारे 1839 मध्ये आणि पुढे 1841 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापले. यात मला सर्वांत आवडले ते नावे देणे. नव्या माशाला ग्रीक-लॅटिन विशेषण चिकटवण्याची तेव्हा रीत होती. सायक्स यांनी बऱ्याचदा काठावरच्या माणसांच्या तोंडचेच नाव घेतले: खुद्री, कोळस, नुक्ता, मल्या, शिंगाळा. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला खुद्री हा आपला दख्खनचा महाशीर. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यकेंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार करून धरणांत, नद्यांत सोडली गेली, ती टोर खुद्री या नावाने. इंग्रज कानांनी नावे थोडी वाकवली, पण ती टिकली. दोन माशांना मात्र त्यांनी यॅरेल आणि चिल्ड्रेन या इंग्रज विद्वानांची नावे दिली. जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांपैकी कोणाच्याही नावाचा मासा त्या यादीत नाही. नावे त्यांनी शिकवली, मासे त्यांनी दिले, आणि ते स्वतः मागेच राहिले. हा हिशेब मोजणीच्या वेड्या माणसाकडूनही राहून गेला.

पुढचे आयुष्य भराभर सांगतो. सायक्स कंपनीचे संचालक झाले, 1856 मध्ये अध्यक्ष. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. 1857 पासून अखेरपर्यंत ॲबरडीनचे खासदार. 16 जून 1872 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या मोर्णेत आज गळ टाकावासा कोणाला वाटणार? 2018 च्या जानेवारीत अकोलेकरांनी हजारोंनी उतरून तिच्यातली जलकुंभी काढली. आपल्यातलेही काही जण गेले होते. त्या सकाळी एक आजोबा मला पुलाखालची जागा दाखवीत होते, जिथे ते लहानपणी धोतराच्या पदराने मासे पकडीत. त्यांनी सहा-सात नावे घेतली. त्यांतली दोन मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाहीत. मी ती वहीत लिहून ठेवली आहेत, आजोबांच्या नावासकट.