व्हायोलिन, पाठ आणि पुण्याचे गुरुजी

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावा, एकजण तरी कमरेवर हात ठेवून उभा दिसतोच. ड्रॉइंग शीटवर वाकून किंवा पलंगावर लॅपटॉप घेऊन रात्र काढली की सकाळी पाठ बोलायला लागते. आपण बाम चोळतो आणि विसरतो. यहुदी मेन्युहिन यांना विसरून चालणार नव्हतं. त्यांची सगळी कला त्या पाठीवर आणि खांद्यांवर उभी होती.

मेन्युहिन यांचा जन्म २२ एप्रिल १९१६ चा, न्यूयॉर्कचा. १९२९ मध्ये, तेरा वर्षंही पूर्ण झालेली नसताना, बर्लिनला एकाच संध्याकाळी बाख, बीथोवन आणि ब्राम्स या तिघांच्या रचना या पोराने व्हायोलिनवर वाजवल्या. जगभर नाव झालं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी पाचशेच्या वर कार्यक्रम केले. १९४५ मध्ये बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोरही ते वाजवून आले. मग शरीराने बिल पाठवलं. लहानपणी जे आपोआप यायचं, ते हात आता ऐकेनात.

व्हायोलिन कसं धरतात बघा. हनुवटी आणि डावं गळ्याचं हाड यांच्यामध्ये वाद्य, मान कललेली, दोन्ही हात तासन्‌तास हवेत. म्हणजे कण्यावर रोजचा एक्सेंट्रिक लोड! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकलेल्यांना पुढचं सांगायला नको.

१९५१ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यात ते हाडं-सांध्यांवर उपचार करणाऱ्या एकाकडे गेले होते. तिथे बाहेर बसल्या बसल्या योगावरचं एक छोटं पुस्तक हाती लागलं आणि त्यावरून त्यांनी स्वतःच आसनं सुरू केली. पुढच्याच वर्षी नेहरूंच्या निमंत्रणावरून दुष्काळनिधीसाठी वाजवायला ते भारतात आले. नेहरूंनी शीर्षासन करून दाखवा म्हटलं, यांनी केलं; मग नेहरूंनीही केलं. ही बातमी पेपरात आली आणि योग शिकवणाऱ्यांची रांग लागली. त्यात पुण्याहून मुंबईला आलेले एक होते, बी. के. एस. अय्यंगार. १९३७ पासून ते पुण्यात शिकवत होते.

भेट ठरली होती पाच मिनिटांची. अय्यंगारांनी त्यांना शवासनात झोपवलं, आणि मेन्युहिन चक्क गाढ झोपी गेले! पाच मिनिटांचे काही तास झाले. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सर्वात आवडते. जगातल्या एवढ्या मोठ्या वादकाला पहिला धडा मिळाला तो अंग सैल सोडण्याचा.

अय्यंगारांची पद्धत म्हणजे आसनातला कोन न्‌ कोन बरोबर पाहिजे. कणा आधी लांब करायचा, मगच वळवायचा किंवा वाकवायचा. ज्यांची अंगं आखडलेली, त्यांच्यासाठी पुढे त्यांनी पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, भिंतीवरचे दोर असं साहित्य वापरात आणलं. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत जिग्ज आणि फिक्श्चर्सच की!

(शीर्षासनाची गोष्ट वाचून आज रात्री रूममध्ये उलटं उभं राहू नका. दुखत्या पाठीसाठी सुरुवात शवासनापासून करा, हलकं भुजंगासनही शिकवणाऱ्याच्या देखत करा. कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर आधी डॉक्टर.)

१९५४ मध्ये मेन्युहिन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर त्यांनी अय्यंगारांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हणून कोरून घेतलं होतं. व्हायोलिनचा गजही कधी हातात न धरलेल्या माणसाला! १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ची प्रस्तावनाही मेन्युहिन यांचीच.

योगाने सगळंच परत मिळालं असं मात्र नाही. वादनातला चढउतार शेवटपर्यंत राहिला, पुढे पुढे त्यांचा ओढा वाद्यवृंदाच्या संचालनाकडे वाढला. पण आसनं सुटली नाहीत. १९८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या शताब्दीला, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी शीर्षासनात उभं राहून पायांनी बीथोवनची पाचवी सिंफनी संचालित केली. त्याच बर्लिनमध्ये १२ मार्च १९९९ ला ते गेले.