कानाने मोजणारे खाँसाहेब

बारावीच्या फिजिक्स लॅबमधला सोनोमीटर आठवतो का? (रीडिंग कुठून यायची ते सोडा.) तशाच ताणलेल्या तारेवर एका मोठ्या गवयाचे स्वर मोजले गेले होते. ते गवई म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जन्म १८७२, उत्तरेतल्या कैराना गावी. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायले, मग मिरजेला राहिले आणि आपलेच झाले. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी, आणि भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात ओरडायला शिकवलं होतं म्हणतात!

मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे वाद्यं घडवायला घेतली. खाँसाहेबसुद्धा बिघडलेलं वाद्य स्वतः दुरुस्त करायचे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज खुलतो, त्याला जवारी म्हणतात. ते काम मीटरवर नाही, कानावरच चालतं.

हाच कान सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना हवा होता. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर २२ श्रुतींचं गणित मांडत होते. खाँसाहेबांनी गायचं आणि देवलांनी तारेची लांबी मोजायची. समजा ९० सेंमी तारेवर सा लागला, तर शुद्ध गंधार ७२ सेंमीवर येतो, म्हणजे सा २४० हर्ट्झ तर गंधार ३००. पण बाजाच्या पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग, त्यामुळे तिचा गंधार ३०२.४ च्या आसपास. एवढ्याने काय बिघडतं? दोन्ही एकदम वाजवून बघा, सेकंदाला दोनतीनदा आवाज हेलकावतो. म्हणजे पेटी थोडी बेसूरच!

मग देवल आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांनी २२ श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला, भातखंड्यांना ती पटली नाही. मला स्वतःला वाटतं, मोजणी चांगली होती, पण दरबारीचा गंधार झुलतो, तो एका पट्टीत कसा बसवणार? पेटी मागे पडली. खाँसाहेबांचे स्वर मात्र ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर आजही ऐकता येतात.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर उतरून त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला, थोडं गायले आणि तिथेच गेले. मिरजेच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे.