कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला नारायण भागवत (जन्म : इंदूर, १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. कडधान्यांतील नत्रयुक्त द्रव्ये, वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होत. संशोधनाद्वारे एम.एस्सी. करण्यासाठी त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दिलेला लढा हा त्यांच्या चरित्राचा सर्वाधिक परिचित भाग आहे. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

बालपण व शिक्षण

वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या संस्थेत दोघांचेही शिक्षण झाले होते. या संस्थेत पहिले विद्यार्थी दाखल झाले ते १९११ साली, म्हणजे कमलाबाईंच्या जन्मवर्षीच. वडील आणि काका जेथे शिकले तेथेच आपणही संशोधन करावे, ही आकांक्षा त्यांच्या मनात घरातूनच रुजली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन मिळवली व बंगळूरला अर्ज पाठवला.

बंगळूरमधील प्रवेश

त्या वर्षी संस्थेच्या संचालकपदी चंद्रशेखर व्यंकट रामन होते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. कारण गुणांचे नव्हते. स्त्रियांना संशोधन झेपत नाही, असे त्यांचे मत होते. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण त्यांना विचारले. प्रवेश मिळेपर्यंत हलायचे नाही असा सत्याग्रहच त्यांनी संचालकांच्या कार्यालयापुढे मांडला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष परिवीक्षेचे राहील व नियमित विद्यार्थिनी म्हणून त्यांची गणना होणार नाही. संचालकांची कामाच्या दर्जाबद्दल खात्री पटेपर्यंत त्या कामास मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट अपमानास्पद होती, हे कोणाच्याही ध्यानात येते. तिच्याबद्दलच बहुधा लिहिले जाते. परंतु खरा धोका दुसऱ्या अटीत होता. भारतीय विज्ञान संस्थेला त्या काळी विद्यापीठाचा दर्जा नव्हता. तो १९५८ साली मिळाला. संशोधन बंगळूरला करायचे आणि त्यावरील प्रबंध आपल्या मूळ विद्यापीठाला सादर करायचा, असा तेथील विद्यार्थ्यांचा मार्ग असे. कमलाबाईंच्या बाबतीत ते विद्यापीठ मुंबईचे होते. लेखी परीक्षा देऊन एम.एस्सी. होणाऱ्याच्या हाती निदान गुणपत्रिका तरी असते. प्रबंधावर पदवी घेणाऱ्याजवळ त्याच्या कामाखेरीज दुसरे काहीच नसते. संचालकांनी वर्षाअखेरीस नापसंती दर्शवली असती तर बारा महिन्यांचे प्रयोग जमेस धरले गेले नसते, आणि तरुण मुलीने परगावी राहून काढलेले वर्ष वाया गेले असते. हे ठाऊक असूनही त्यांनी अटी स्वीकारल्या. आपल्यावर झालेला अन्याय मात्र त्या विसरल्या नाहीत. रामन हे थोर वैज्ञानिक असले तरी या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते, असे मत त्यांनी उतारवयातही व्यक्त केले.

एम.एस्सी.चे संशोधन

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कडक असले तरी विद्यार्थिनीला शिकवताना त्यांनी हात राखला नाही. विषय ठरला तो दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा. ज्या देशातील बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळींवर भागते, तेथे तो निव्वळ प्रयोगशाळेपुरता विषय नव्हता.

अन्नातील प्रथिन मोजण्याची रूढ रीत अप्रत्यक्ष आहे. डेन्मार्कचे योहान केल्डाल यांनी १८८३ साली मांडलेल्या पद्धतीनुसार नमुना संहत गंधकाम्लात उकळून त्यातील एकूण नायट्रोजन काढतात. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ने गुणतात. डाळीतला सगळा नायट्रोजन प्रथिनांचाच असता तर हे गणित चोख ठरले असते. प्रत्यक्षात त्यातील काही भाग मुक्त अमिनो आम्ले व तत्सम लहान रेणूंचा असतो. तो वेगळा काढला नाही, तर हिशेबात प्रथिने प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतात. प्रथिनांखेरीज असलेल्या या नायट्रोजनाचा कमलाबाईंनी अभ्यास केला. त्यासंबंधी श्रीनिवासय्या यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९३५ साली ब्रिटनमधील ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

परिवीक्षेचे वर्ष संपल्यावर रामन यांची खात्री पटली आणि कमलाबाईंना नियमित संशोधनाची मुभा मिळाली. १९३६ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला प्रबंध सादर करून एम.एस्सी. पदवी मिळवली. त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला.

या पदवीचे मोल पुढच्याच पिढीतील एका उदाहरणावरून कळते. हवामानशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या अ‍ॅना मणी यांनी १९४० नंतर बंगळूरलाच रामन यांच्या हाताखाली हिरे व माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले. १९४५ साली त्यांनी मद्रास विद्यापीठाला पीएच.डी.साठी प्रबंध दिला. एम.एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. कमलाबाईंच्या हाती एम.एस्सी. पदवी होती, म्हणून पुढची वाट त्यांना मोकळी झाली.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांना काम करता आले. प्रथम त्या डेरेक रिक्टर यांच्याकडे होत्या. ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू केले. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना सायटोक्रोम-सी आढळले. श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याचे काम हे द्रव्य करते. याच संशोधनावर १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता.

विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी होतो. तो जपून करावा. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती.

पुढील कार्य

१९३९ साली मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग्ज कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख व नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. येथील विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. कडधान्यांचा विषय त्यांनी सोडला नव्हता. पचनास मदत करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडथळा करणारी द्रव्ये भारतीय अन्नपदार्थांत कोठे आढळतात, याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतला. संशोधनावर एम.एस्सी. व पीएच.डी. करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना आता त्या स्वतः मार्गदर्शन करीत होत्या. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडवर्गीय झाडांचा हा ताजा, न आंबलेला रस कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना स्वस्त पूरक आहार म्हणून उपयोगी पडतो, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या प्रतीसंबंधी सल्ला दिला.

१९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२-८३मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्ष होत्या, आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांसाठी लेखनही करीत. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.